भल्या माणसाचं वावर

ऑकनाबो, १२ नोव्हेंबर १६९७

निनियन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. तरीही फोडलंस, म्हणजे एक तर तुझा राग निवला आहे किंवा समुद्रापलीकडे अल्स्टरमध्ये तुला वाचायला दुसरं काही मिळत नाही. दोन्ही शक्यता मला सोयीच्या आहेत. नऊ वर्षांनी भावाला लिहिताना आरंभ कसा करावा याचा नमुना माझ्या एकाही लॅटिन पुस्तकात सापडला नाही. रोमन लोक भावाला बहुधा मारून टाकत. पत्र लिहायची वेळ येत नसे.

हे पत्र आणणारा सुया-दोरे विकणारा फेरीवाला तुला कोलरेनच्या बाजारात ओळखतो म्हणाला. तू तिकडे कुणाचं तरी रान खंडाने करतोस आणि तुला टक्कल पडलंय, अशा दोन बातम्या त्याने दिल्या. पहिलीने ताईला बरं वाटलं, दुसरीने मला.

ताई आता इथेच असते. तिचा नवरा गेल्या हिवाळ्यात तापाने गेला. दोन मुलींना घेऊन ती माहेरी आली आणि येताच तिने माझ्याकडून चुलीशेजारची खुर्ची काढून घेतली. जीभ होती तशीच आहे. भाकरी मात्र तिच्या हातचीही बिघडते, कारण पीठ बिघडलंय. ओट अजून शेतात उभे आहेत, हिरवे, आणि त्यांच्यावर बर्फ. सलग तिसरं वर्ष. लोक बर्फ झटकून कापतात, भट्टीत वाळवतात, दळतात. जे निघतं त्याला पीठ म्हणायचा आपल्याकडे रिवाज आहे, म्हणून म्हणायचं.

चर्चच्या वरिष्ठांनी देवाचा कोप शमावा म्हणून देशभर उपासाचा दिवस पाळायला सांगितला. आमच्या गावात कुठलीही आज्ञा इतक्या एकमताने पाळली गेल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी पार्लमेंटने कायदा केला की गावोगाव शाळा असलीच पाहिजे. आमच्याकडे ती होतीच. आता मुलं नाहीत. प्रत्येक मुलाने सकाळी काखेत पीटचं, त्या जळाऊ दलदली मातीचं, एक ढेकूळ आणायचं, ते शाळेच्या चुलीत जाळायचं, अशी पद्धत तुझ्या वेळेपासून आहे. हल्ली इतकी कमी मुलं येतात की विद्येपेक्षा थंडी जास्त चढते. आणि मी मुलांसमोर विनोद करणंही सोडलंय. राजधानीत एका विद्यार्थ्याला देवाधर्माची थट्टा केली म्हणून या जानेवारीत फाशी दिलं. तेव्हापासून मी थट्टा फक्त तुझी करायची ठरवलंय, आणि तीही मधे समुद्र ठेवून.

बाबा बरे आहेत. वाकलेत, पण बरे आहेत. त्यांना तुझी आठवण येते.

वसंतात नांगरटीला माणूस कमी पडणार असं दिसतंय. तुला सवड असली तर ये. नसली तरी ये.

तुझा भाऊ,
गिल्बर्ट डर्नो
ऑकनाबोचा शाळामास्तर (विद्यार्थी असल्यास)


ऑकनाबो, १९ जानेवारी १६९८

निनियन,

तुझं उत्तर पोचलं. दोन ओळी, दोन प्रश्न आणि सही. तुला मी व्याकरण शिकवलं याचा अभिमान वाटावा इतकी काटकसर.

पहिला प्रश्न: ‘म्हाताऱ्याला माझी आठवण येते हे तो स्वतः म्हणाला की तू रचलंस?’

मी रचलं. त्यांच्या तोंडून तुझं नाव मी आईच्या दफनानंतर ऐकलेलं नाही.

दुसरा प्रश्न: ‘नांगरायचं काय आहे?’

तुला ठाऊक आहे म्हणूनच विचारलंस. होय. तेच वावर. ओढ्याच्या वर, उतारावर, दगडी गडग्याच्या आतलं.

तू गेल्यावर इकडे काय काय उलथंपालथं झालं ते थोडक्यात सांगतो. जुना राजा पळाला, नवा हॉलंडहून आला, बिशप घरी बसले, चर्चची सारी घडी बदलली. एकच खातेदार बदलला नाही. आपल्या आज्याच्या आज्याने ते वावर ज्याला तोडून दिलं, तो ‘भला माणूस’. धर्मग्रंथातलं खरं नाव घेतलं की म्हणे तो ‘ओ’ देतो, म्हणून भला. त्या गडग्याच्या आत आपण नांगर घालायचा नाही, कुदळ लावायची नाही, गुरं सोडायची नाहीत. त्याने आपल्या बाकीच्या शेताकडे बघायचं नाही. आणि बाबा तर चर्चच्या पंचांतले जुनेजाणते! नजर लागू नये यासाठी गायीच्या शेपटीला रोवन झाडाची डहाळी बांधली म्हणून त्यांनी बिचाऱ्या म्हाताऱ्या मॅरियनला भर चर्चमध्ये पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवलं होतं, आठवतं? ‘अंधश्रद्धा’ म्हणाले होते. जुने पाद्री कधीमधी विचारायचे, ‘विल्यम, ते वावर पडीक कशाला ठेवलंय?’ बाबा म्हणायचे, ‘तिथं खडक आहे, साहेब.’ जुने पाद्री मान डोलवायचे. ते याच खोऱ्यात जन्मले होते.

नवे पाद्री, मिस्टर पँटन, दक्षिणेकडचे. तरुण आहेत, पाय लांब आहेत आणि कुठल्याही गडग्यावरून उडी मारतात. नाताळच्या सुमारास एक लोखंडी सळई घेऊन ते त्या वावरात गेले आणि जागोजागी खुपसून आले. सळई हातभर आत गेली. पुढच्या रविवारी प्रवचन संपवून सगळ्यांसमोर म्हणाले, “पंच विल्यम डर्नो, तुमचा खडक फार मऊ आहे.”

कुणी हसलं नाही. आमच्याकडे हसू दाबायची पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे, आणि त्या दिवशी भीतीही होती. हुकूम असा: मे महिन्याच्या आत ते वावर नांगरून पेरायचं, नाही तर बाबांनी स्वतः स्टुलावर बसायचं आणि पंचांतून बाहेर पडायचं. मॅरियनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसलं त्याला ख्रिस्ती क्षमा म्हणता येणार नाही.

हुकूम बाजूला ठेव. भूक त्याहून मोठी आहे. खालची सगळी शेतं पाण्याने कुजली आहेत. ते एकच वावर दक्षिणेला तोंड करून आहे, पाणी ठरत नाही, माती कित्येक पिढ्या विसावलेली. नऊ वर्षांपूर्वी तू अगदी हेच म्हणाला होतास. बाबा पंचांच्या बैठकीला गेलेले बघून तू बैल जुंपलेस आणि नांगराचा एक तास घातलास. एकच. आठवड्याच्या आत पुढचा बैल मेला, आणि कापणीपर्यंत आई.

गावातली म्हण तुला सांगायला नको: आधी बैल, मग घरची बाई, मग नांगर धरणारा.

म्हणून नांगर धरायला कुणी नाही. गडी गॅविनला मी स्वतः विचारलं.

“नाही मास्तर.”

“अरे, तुझी पोरं उपाशी आहेत.”

“उपाशी आहेत,” तो म्हणाला, “पण आहेत.”

तोडगा ताईने काढला. तो तिच्याच शब्दांत देतो, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट राहील.

“निन्याने एक तास आधीच घातलाय,” ती म्हणाली. “जे माथी लागायचं ते त्याच्या लागून गेलं. उरलेलं त्यानंच नांगरलं तर नव्याने कुणाला काय होणार?”

“ताई, हे कुठलं तर्कशास्त्र?”

“पोटाचं. तुमच्या पुस्तकात नसेल, मास्तर.”

“आणि त्याला काही झालं तर?”

“नऊ वर्षांत झालं? नुसतं टक्कल पडलं.”

तर निन्या, हे असं आमंत्रण आहे. तू आधीच बुडालेला आहेस, म्हणून तुलाच पाण्यात उतरवावं, असा घरच्यांचा विचार. याहून प्रेमळ शब्दांत मांडता येईल का याचा मी दोन दिवस विचार केला. येत नाही.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. आईला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझं गाठोडं दाराबाहेर ठेवलं आणि ‘या जमिनीवर पुन्हा पाय ठेवू नकोस’ म्हणाले. आईच्या मरणाचं खापर ते तुझ्यावर फोडतात असं तुला वाटतं. मलाही तसंच वाटत आलंय, खोटं कशाला सांगू? तरी ये. तू नांगराशी उभा दिसलास तर म्हातारा भूक आणि राग यांत काय निवडायचं ते निवडेल.

ताई विचारते, बायको केलीस का? आणि केली असलीस तर तिला डोळे आहेत का?

गिल्बर्ट


ऑकनाबो, ४ एप्रिल १६९८

निनियन,

येऊ नकोस.

हेच वाक्य शेवटी पुन्हा लिहीन. मधलं वाचायला वेळ नसला तर एवढ्याने भागेल.

‘येतो’ एवढंच लिहिलेलं तुझं पत्र परवा पोचलं. ताईला इतका आनंद झाला की तिने तो दुपारच्या जेवणापर्यंतही दाबून ठेवला नाही. जेवण म्हणजे खाजऱ्या रानपाल्याच्या कोवळ्या पानांचं पाणी, वर चिमूटभर पीठ. बाबा वाटी तोंडाला लावत होते.

“बाबा, निन्या येतोय.”

“कुठला निन्या?”

“कुठला म्हणजे? तुमचा.”

“कशाला?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी वाटीत पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, “उतारावरचं वावर नांगरायला. आमच्यात कुणाची छाती होत नाही, आणि त्याने तर आधी—”

बाबांनी वाटी आपटली नाही. वाटी आपटून नाट्य करावं इतकं त्यात काही नसतंच. ती त्यांनी बोटाने पुसून चाटली, खाली ठेवली आणि मला म्हणाले, “विद्वान, हे तू लिहिलंस?”

“हो.”

“त्याला समुद्रापार घालवताना माझा जीव अर्धा झाला, आणि तू दोन ओळी खरडून परत बोलावतोस?”

“घालवताना म्हणजे? तुम्ही हाकलून दिलंत त्याला.”

“मग काय ओवाळून पाठवायचा होता? बैल गेला. तुझी आई गेली. तिसरा कोण होता? शाळा चालवतोस ना? मोज!”

ताईची धाकटी तेवढी वाटी खरवडत होती.

“खाऱ्या पाण्यावरून त्याला जाता येत नाही,” बाबा म्हणाले. “भल्याला. ओढा ओलांडायचा तर तोही कचरतो. समुद्र म्हणजे संपलंच. मी रात्रंदिवस हाच विचार केला. आईचं प्रेत घरात होतं आणि मी बंदरं आठवत होतो.”

“अहो, मग त्याला तसं सांगायचं!” ताई ओरडली. “इतकी वर्षं तो तिकडे काय समजून बसलाय!”

“सांगितलं असतं तर गेला असता? हसला असता. तो या विद्वानासारखाच, कशावर म्हणून विश्वास नाही. समजावलेला माणूस फार तर शेजारच्या गावी जातो. रागावलेला लांब जातो.”

एवढं बोलून ते उठले आणि गोठ्यात गेले. गोठ्यात हल्ली दोनच गुरं आहेत, तेव्हा ते तिथे काय करत होते ते मी बघायला गेलो नाही.

निन्या, मी काय मानतो ते तुला माहीत आहे. बैल म्हातारा होता. आईला त्या वर्षी ताप आला, तो खोऱ्यात अनेकांना आला होता. मातीत माती असते. तिच्या खाली कुणी बसलेला नसतो. हे मी तुला सप्रमाण सिद्ध करून देईन. पण तू नांगर धरून उभा आहेस आणि बाबा गडग्याशी उभे राहून तुझ्याकडे बघताहेत, हे चित्र मला सिद्ध करून बघायचं नाही. नऊ वर्षं ते तुला जिवंत ठेवण्यासाठी तुझ्या शिव्या खात बसले. त्यांचा हिशेब चुकीचा असेल. कष्ट खरे आहेत.

फेरीवाल्याच्या चालीवर भरवसा नाही, म्हणून जमीनदाराच्या पश्चिमेकडे निघालेल्या घोडेस्वाराला गयावया करून हे पत्र देतो आहे. पोर्टपॅट्रिकच्या धक्क्यावरच्या खाणावळीत ठेवायला सांगितलंय. तू जहाजातून उतरून हे वाचत असशील, तर तुझा पाय आधीच स्कॉटलंडला लागलाय. असू दे. बाबांना कळवणार नाही. तसाच वळ.

येऊ नकोस.

गिल्बर्ट


ऑकनाबो, ८ जून १६९८

प्रिय निनियन,

पोर्टपॅट्रिकच्या खाणावळीतून लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. ‘इतकी वर्षं मला निदान त्याचा द्वेष तरी करता येत होता, आता तोही काढून घेतलात,’ असं लिहिलंस. ते मी ताईला वाचून दाखवलं नाही. बाबांना कळवणार नाही म्हटलं होतं, तरी त्यांना दाखवलं. त्यांनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. त्यांना वाचता येतं, हे तुला माहीत आहेच.

मग विचारलं, “परत गेला ना?”

“गेला.”

“जहाजात चढताना कुणी पाहिला?”

“खाणावळवाल्याने.”

“मग ठीक.”

आता वावराचं. तुझा पत्ता कटल्यावर मी म्हणालो, मी नांगरतो. माझ्या बाजूने हे शौर्य नव्हतं. ज्या गोष्टीवर विश्वास नाही तिला भिण्याचं कारण नाही, असा साधा न्याय. तसं मी बाबांना म्हटलंही.

“तुझ्या आईचाही नव्हता,” ते म्हणाले. “निन्या तास घालत होता तेव्हा अडवलं का नाहीस, असं मी विचारलं तर हसली होती.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुदळ घेऊन उतारावर गेले. बैल नेले नाहीत. गॅविन भीत भीत म्हणाला, “मालक, गडग्यापर्यंत तरी जोडी आणतो.” ते म्हणाले, “बैलाने काय घोडं मारलंय?” ताई शिदोरी घेऊन निघाली तर ओढ्याच्या अलीकडूनच तिला हाकलली: “बायका पलीकडे! एकही बाई ओढा ओलांडणार नाही, मुलीसुद्धा नाहीत.” ताई तणतणत परत आली. चुलीशी बसल्यावर तिच्या ध्यानात आलं. बैल नाही, बाई नाही. म्हणीतल्या पहिल्या दोघांना बाजूला काढून ते सरळ तिसऱ्याच्या जागी जाऊन उभे राहिले होते. ती उठली, दार लावून घेतलं, आणि त्या दिवशी माझ्याशीदेखील भांडली नाही.

सगळा एप्रिल त्यांनी खणलं. या वयात, त्या पोटावर. थोडं खणायचं, कुदळीवर रेलून उभं राहायचं, पुन्हा थोडं. मी शाळा सुटली की गडग्यावर जाऊन बसत असे. आत यायची मनाई. एकदा विचारलं, “निदान दगड वेचू का?”

“तू तिथं बस आणि लॅटिन बोल,” म्हणाले. “त्याला कळणार नाही, जरा वेळ गोंधळेल.”

निन्या, माझ्या विद्वत्तेचा आजवर झालेला हा एकमेव उपयोग. मी खरोखरच मोठ्याने क्रियापदं चालवत बसलो.

पाद्रीसाहेब बघायला आले. फार हर्ष झाला त्यांना. हात पसरून म्हणाले, “पंचांनी स्वहस्ते सैतानाचं सिंहासन उलथलं!”

“साहेब, जरा बाजूला व्हा,” बाबा म्हणाले, “ढेकूळ उडतं.”

पण मनाने माणूस वाईट नाही. पेरायला बी नव्हतं, ते त्यांनी स्वतःच्या कोठीतून दिलं. जव आहे, जुन्या चांगल्या वर्षाचा. मे महिन्याच्या सुरुवातीला पेरला. आता बोटभर वर आलाय, आणि त्याच्याकडे बघायला लोक मुद्दाम लांबून येतात, जवळ मात्र येत नाहीत.

मधोमध गवताची एक अरुंद पट्टी तशीच राहिली आहे. दमले असतील. मी विचारलं नाही.

आपले जमीनदार हल्ली समुद्रापलीकडच्या कुठल्याशा उष्ण देशात वसाहत करायच्या गोष्टी बोलतात. लीथच्या बंदरात जहाजं भरताहेत. तिथे म्हणे वर्षातून तीनदा पिकतं. आम्हाला तीन वर्षांतून एकदा चालेल.

बाबा खोकतात, पण खोकला जुना आहे.

गिल्बर्ट


ऑकनाबो, २८ नोव्हेंबर १६९८

प्रिय निन्या,

हे पत्र तीनदा सुरू केलं. दोनदा त्यात चांगले विनोद होते; ते फाडले.

बाबा सप्टेंबरच्या अखेरीस गेले. ताप होता. तोच ताप पाद्रीसाहेबांच्या मोलकरणीला आला, गिरणीवाल्याच्या दोन्ही मुलांना आला, आणि यांतल्या कुणी त्या वावरात पाय ठेवला नव्हता. हे मी गॅविनला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली आणि म्हणाला, “बैल नाही, बाई नाही. म्हातारा हुशार होता, मास्तर.” आता सारं गाव हेच म्हणतं, आणि इतक्या आदराने म्हणतं की मी वाद घालणं सोडलंय.

आईने लग्नाच्या पहिल्याच वर्षी, आपल्याकडच्या बायका करतात तशी, दोघांची प्रेतवस्त्रं विणून ठेवली होती. तिचं तिच्याबरोबर गेलं. बाबांचं पेटीत तळाशी होतं. या वर्षभरात ताईने घरातलं किडूकमिडूक सगळं पिठासाठी दिलं. त्याला हात लावला नाही. हल्ली लोक शेवटचे दिवस आले की चर्चच्या आवाराकडे सरकू लागतात, रस्त्यात मेलो तर पुरायला कोणी भेटणार नाही म्हणून. तेव्हा चांगल्या तागाच्या कापडात, शेजाऱ्यांच्या खांद्यावरून बाबा गेले, हे मोठं भाग्य समज. मी तसं समजायचा प्रयत्न करतो आहे.

पीक सांगतो. यंदाचं वर्ष आधीच्या तिन्हींहून वाईट. खालचे ओट ऑक्टोबरच्या बर्फात झोपले ते उठलेच नाहीत. उतारावरचा जव मात्र पिकला. फार नाही, कणसं आखूड, पण पिवळा, खरा पिवळा. मी, ताई आणि मुलींनी कापला. बायकांनी ओढा ओलांडला, ताई म्हणाली, “आता कुणाला भ्यायचं?” काही भाग पाद्रीसाहेबांना बियाण्यापोटी दिला, काही गॅविनच्या पोरांना. ती अजून आहेत. आम्हीही वसंतापर्यंत पोचू असं दिसतं.

आता त्या पट्टीचं. शेवटच्या आठवड्यात बाबांचा ताप दुपारी थोडा उतरायचा. अशाच एका दुपारी मी विचारलं, “बाबा, मधली पट्टी का सोडलीत? दमलात?”

“दमायला काय मी शाळामास्तर आहे?” म्हणाले. मग जरा वेळाने, “निन्याचा तास तिथनं गेला होता. मी मोजून काढला. गडग्याच्या फटीपासून त्या काळ्या धोंड्यापर्यंत. तेवढा त्याचा त्याला परत दिला.”

“कुणाला?”

“कुणाला काय विचारतोस? भल्याला. बाकीचं वावर मी घेतलं, ते माझ्या नावावर. निन्याने उकरलं होतं तेवढं होतं तसं करून दिलं. आता निन्याच्या नावावर काही नाही.” आणि मग डोळे मिटून, “त्याला लिही. पण मी गेल्यावर लिही. आधी लिहिलंस तर तो येईल, आणि मला ते बघवणार नाही.”

तेव्हा हे मी त्यांच्या सांगण्यावरून लिहितो आहे. या खेपेला त्यात माझी रचना नाही.

गेल्या सोमवारी मिस्टर पँटन आले. वावर पाहिलं, पीक निघालेलं पाहिलं, समाधान पावले. मग त्यांना मधली गवताची पट्टी दिसली.

“हे काय, मास्तर? हेही वसंतात खणून टाका. सैतानाला वीतभरही ठेवायची नाही.”

मी विद्यापीठातून पदवी घेतलेला माणूस. गावातल्या खुळचट समजुतींवर मी आयुष्यभर हसत आलो. पाद्रीसाहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून, एका शब्दाचीही चूक न करता मी म्हणालो,

“तिथं खडक आहे, साहेब.”

त्या दिवशी सळई त्यांच्याजवळ नव्हती. मग त्यांनी मान डोलवली. वाटतं, तेही हळूहळू याच खोऱ्यातले होताहेत.

बर्फ वितळलं की ये. बाबांची खुर्ची रिकामी आहे. ताई तिच्यावर बसत नाही आणि मलाही बसू देत नाही. येताना ओढ्याच्या वाटेने येशील, कारण तुला तीच माहीत आहे. वावरातून येशील तर ती पट्टी तुडवू नकोस, ओलांडूही नकोस. वळसा घालून ये. लिहिताना मला हसू येतंय. पण वळसा घालून ये.

तुझा दादा,
गिल्बर्ट